उमामीची स्तुती आणि अजिनोमोटोची निंदा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकाच्या रविवार पुरवणीत जपानी पाककलेची ओळख करून देणारा लेख नुकताच प्रसिद्ध झाला. ‘उमामी’ म्हणजे शब्दांत न सांगता येणारी अवीट चव, अशा आशयाचा अर्थ त्यात दिला असून ही जपानी स्वयंपाकातील शेकडो वर्षांची, जवळजवळ गूढ अशी संकल्पना असल्याचे म्हटले आहे. त्याच पुरवणीत दोन पाने उलटली की आरोग्यविषयक सदर येते आणि तेथे अजिनोमोटो हे मेंदूवर परिणाम करणारे रासायनिक विष असल्याचा इशारा वाचायला मिळतो. दोन्ही मजकूर वेगवेगळ्या लेखकांचे आहेत हे मान्य. पण ते एकाच संपादकीय नजरेखालून गेलेले आहेत आणि त्यांतला एक खरा मानला तर दुसरा जसाच्या तसा खरा राहू शकत नाही. उमामी ही संज्ञा ज्या संशोधनातून जगापुढे आली, त्याच संशोधनातून अजिनोमोटोही आले. दोहोंच्या मुळाशी ग्लुटामेट हा एकच पदार्थ आहे. म्हणूनच या संज्ञेची व्युत्पत्ती आणि तिचा इतिहास यांविषयी थोडे सविस्तर लिहीत आहे.

प्रथम शब्दाविषयी. जपानी भाषेत ‘उमाई’ म्हणजे चविष्ट. या विशेषणाचे जुने रूप ‘उमाशी’. आठव्या शतकात संकलित झालेल्या ‘मान्योशू’ या काव्यसंग्रहातील दुसऱ्याच कवितेत, जी सम्राट जोमेई यांची मानली जाते, यामातो (जपानचे प्राचीन नाव) देशाला ‘उमाशी’ म्हटले आहे, आणि तेथे त्याचा अर्थ रम्य, उत्तम असा आहे. विशेषणाला ‘मी’ हा प्रत्यय लागून भाववाचक नाम होते: ‘अमाई’ म्हणजे गोड आणि ‘अमामी’ म्हणजे गोडी, ‘निगाई’ म्हणजे कडू आणि ‘निगामी’ म्हणजे कडवटपणा. ‘उमामी’ याच पद्धतीने घडला आहे. आपल्या लेखात ‘उमा’ म्हणजे स्वादिष्ट आणि ‘मी’ म्हणजे चव अशी जी फोड दिली आहे ती फार प्रचलित आहे, परंतु ती लिपीवरून केलेली आहे, व्याकरणावरून नव्हे. चव या अर्थाच्या चिनी अक्षराचा एक उच्चार ‘मी’ असल्याने ते अक्षर या प्रत्ययाच्या जागी लिहिण्याचा प्रघात पडला आणि पुढे त्या अक्षरालाच व्युत्पत्तीचा मान मिळाला.

बोलीतल्या या जुन्या अर्थाने पाहिले तर आपल्या लेखकाचे फारसे चुकलेले नाही. आजही एखादा जपानी आचारी माशाच्या, भाताच्या किंवा मद्याच्या रुचकरपणाला सरसकट उमामी म्हणेल आणि त्याला कोणी टोकणार नाही. पण पुरवणीतला लेख तेथे थांबत नाही. उमामी ही ‘पाचवी चव’ आहे, असेही त्यात सांगितले आहे, आणि हा दुसरा अर्थ मात्र शेकडो वर्षांचा नसून 1908 सालचा आहे. जपानीत हे दोन अर्थ लेखनातही वेगळे ठेवण्याचा प्रयत्न होतो: शास्त्रीय संज्ञा लिहिताना पहिली दोन अक्षरे हिरागाना या ध्वनिलिपीत आणि शेवटचे अक्षर चिनी लिपीत लिहितात, तर सर्वसाधारण रुचकरपणासाठी बहुधा संपूर्ण शब्द चिनी अक्षरांत लिहिला जातो. देवनागरीत हा भेद दाखवण्याची सोय नाही, त्यामुळे लिहिणाऱ्यानेच आपण कोणत्या अर्थाने शब्द वापरत आहोत हे वाक्यात स्पष्ट करणे भाग आहे.

या दुसऱ्या अर्थाचे जनक म्हणजे टोकियो इम्पीरियल विद्यापीठातील रसायनशास्त्राचे प्राध्यापक इकेदा किकुनाए. त्यांचा जन्म 1864 मध्ये क्योटो येथे झाला. जर्मनीत लाइपझिग येथे विल्हेल्म ओस्टवाल्ड यांच्या प्रयोगशाळेत काम केल्यानंतर 1901 मध्ये ते काही काळ लंडनमध्ये होते, आणि तेथे ज्या घरात ते उतरले होते त्याच घरात पुढे आधुनिक जपानी कादंबरीचे अग्रणी ठरलेले नात्सुमे सोसेकी राहत होते. ही माहिती विषयाला अत्यावश्यक नाही. पण जपानी चवीचा शोध लावणारा माणूस जगापासून तुटलेल्या कोणा मठातला साधक नव्हता, तर युरोपीय भौतिक रसायनशास्त्रात मुरलेला प्राध्यापक होता, एवढे त्यावरून ध्यानात यावे.

इकेदांचा प्रश्न साधा होता. कोम्बू नावाचे समुद्री शैवाल पाण्यात तापवून जे सार तयार होते त्याला एक ठळक चव असते. ती गोड नाही, आंबट नाही, खारट नाही आणि कडूही नाही. मग ती येते कशातून? कोम्बूच्या पाण्यात शिजवलेला तोफू खाताना त्यांना हा प्रश्न सुचला, असे सांगतात. ही कथा खरी असो वा मागाहून रचलेली, त्यापुढचे काम मात्र चिकाटीचे होते. कोम्बूच्या अर्कातून त्यांनी आधी साधे मीठ, पोटॅशियम क्लोराइड आणि मॅनिटॉल (साखरेसारखा एक गोड पदार्थ) हे पदार्थ वेगळे केले, आणि तरीही उरलेल्या द्रावाची चव कायम आहे असे आढळल्यावर शोध पुढे चालवला. कित्येक किलो कोम्बूतून अखेर त्यांच्या हाती अवघे सुमारे 30 ग्रॅम स्फटिक लागले. ते ग्लुटामिक आम्ल होते.

हे आम्ल नवे नव्हते. कार्ल हाइनरिख रिटहाउझेन या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने 1866 मध्येच ते गव्हातील ग्लुटेनपासून मिळवले होते, आणि त्याचे नावही ग्लुटेनवरूनच पडले आहे. मग चार दशके त्याच्या चवीकडे कोणाचे लक्ष कसे गेले नाही? शुद्ध ग्लुटामिक आम्ल जिभेला आंबट लागते. त्याचा आम्लपणा सोडियमसारख्या धातूने शमवून क्षार बनवला की मगच ती विशिष्ट चव प्रकट होते, आणि कोम्बूच्या सारात ग्लुटामेट याच रूपात असते. इकेदांचे वेगळेपण या निरीक्षणात आहे. जुलै 1908 मध्ये त्यांना या चवद्रव्याच्या निर्मितीचे जपानी पेटंट मिळाले, आणि 1909 मध्ये टोकियो रसायन संस्थेच्या नियतकालिकात त्यांचा शोधनिबंध प्रसिद्ध झाला. त्यात या चवीला सोयीसाठी ‘उमामी’ म्हणावे असे त्यांनी सुचवले. ज्या नावाला आज एवढे वलय आहे ते त्याच्या कर्त्याने ‘सोयीसाठी’ सुचवलेले होते, याची मला नेहमीच मौज वाटते.

ही चव केवळ जपानी पदार्थांत असते असेही इकेदांनी कधी म्हटले नाही. 1912 मध्ये अमेरिकेत भरलेल्या उपयोजित रसायनशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय परिषदेसाठी लिहिताना त्यांनी उदाहरणे दिली ती शतावरीच्या कोवळ्या कोंबांची, टोमॅटोची, चीजची आणि मांसाची. या सर्वांच्या संमिश्र चवीत एक समान घटक आहे आणि बारकाईने लक्ष देणाऱ्याला तो ओळखू येईल, असे त्यांचे म्हणणे होते. तेव्हा उमामीला ‘जपानी चव’ म्हणणे त्यांनाच मान्य झाले नसते. शोध जपानमध्ये लागला यामागे मात्र कारण आहे. कोम्बूच्या सारात स्निग्धांश जवळजवळ नसतो आणि त्यातील मुक्त अमिनो आम्लांत (प्रथिनांच्या घटकांत) ग्लुटामेटचाच वाटा फार मोठा असतो, तर हाडे आणि मांस तासन्‌तास उकळून केलेल्या युरोपीय रश्शात चरबी, जिलेटिन आणि इतर अनेक अमिनो आम्ले यांची गर्दी असते. ज्या पाण्यात ही चव जवळजवळ एकटीच उभी होती, तेथे ती आधी ओळखली गेली.

येथे ‘दाशी’विषयी लिहिणे आवश्यक आहे, कारण लेखात तिचा उल्लेख ‘माशाचे सूप’ असा एका ओळीत उरकला आहे. दाशी हे जपानी स्वयंपाकाचे मूळ पाणी आहे, आणि ते स्वतः सूप म्हणून क्वचितच समोर येते. होक्काइदोच्या किनाऱ्यावरचे वाळवलेले कोम्बू, ज्यात रिशिरी, राउसू आणि हिदाका या नावांचे प्रकार प्रसिद्ध आहेत, गार पाण्यात घालून ते पाणी सावकाश तापवतात आणि उकळी फुटण्यापूर्वीच कोम्बू बाहेर काढतात. तसे न केल्यास बुळबुळीतपणा आणि उग्र वास उतरतो. त्याच पाण्यात नंतर कात्सुओबुशीचे पातळ काप घालून थोड्याच वेळात ते गाळून घेतात. कात्सुओबुशी म्हणजे कात्सुओ जातीचा मासा उकडून, धुरावर वाळवून लाकडासारखा टणक केलेला तुकडा. त्याच्या उंची प्रकारावर मुद्दाम बुरशी चढवून तो महिनोन्‌महिने मुरवतात. हे पहिले पाणी नितळ सारासाठी राखून ठेवतात, आणि तोच कोम्बू व तेच काप पुन्हा उकळून काढलेले दुसरे पाणी मिसोच्या (आंबवलेल्या सोयाबीनच्या वाटणाच्या) सारासाठी किंवा भाज्या शिजवण्यासाठी वापरतात. कोम्बूवर जी पांढरी पूड दिसते ती म्हणजेच उमामी, असे लेखात म्हटले आहे. ती पूड मुख्यतः मॅनिटॉलची असते, म्हणजे इकेदांनी पहिल्या टप्प्यात बाजूला काढलेल्या पदार्थांपैकीच एकाची.

कोम्बू आणि कात्सुओबुशी एकत्र का वापरतात, याचे उत्तर शोधायला आणखी अर्धे शतक जावे लागले. इकेदांचे शिष्य कोदामा शिंतारो यांनी 1913 मध्ये कात्सुओबुशीच्या चवीमागे इनोसिनिक आम्लाचा क्षार, म्हणजे इनोसिनेट, असल्याचे दाखवले. पुढे यामासा या सोया सॉस बनवणाऱ्या जुन्या कंपनीतील संशोधक कुनिनाका अकिरा यांनी 1950 च्या दशकाच्या उत्तरार्धात ग्वानिलेट या तिसऱ्या द्रव्याची चव ओळखली. वाळवलेल्या शिताके अळंब्यांची चव त्यामुळे येते. कुनिनाकांचा त्याहून मोठा शोध असा, की ग्लुटामेटमध्ये इनोसिनेट किंवा ग्वानिलेट मिसळले असता चव केवळ बेरजेने वाढत नाही, तर कित्येक पटींनी तीव्र होते. योग्य प्रमाणात हे मिश्रण एकट्या ग्लुटामेटपेक्षा सात-आठ पट प्रखर लागते. मांस-मासे वर्ज्य असलेल्या बौद्ध मठांत कोम्बूबरोबर वाळवलेली शिताके वापरण्याचा रिवाज फार जुना आहे, आणि तेथेही हाच नियम काम करतो. आचाऱ्यांना परिणाम ठाऊक होता, कारण ठाऊक नव्हते. लेखात ज्याला गूढ म्हटले आहे ते बहुधा हेच असावे. पण आता त्याचा उलगडा होऊन साठ वर्षे उलटून गेली आहेत.

आता अजिनोमोटोकडे वळतो. जपानी लोकांचे पोषण सुधारावे ही इकेदांची एक प्रेरणा होती. रुचकर अन्न पचनाला मदत करते, हे जपानी वैद्यकतज्ज्ञ मियाके हिइझू यांचे मत वाचून आपल्याला हुरूप आल्याचे त्यांनी निबंधात नमूद केले आहे. सुझुकी साबुरोसुके हे समुद्री शैवालापासून आयोडीन काढण्याचा व्यवसाय करणारे उद्योजक त्यांना भेटले आणि मे 1909 मध्ये सोडियम ग्लुटामेटची पूड ‘अजिनोमोटो’ या नावाने विक्रीस आली. या नावाचा अर्थ ‘चवीचे मूळ’. कोम्बूपासून ती बनवणे परवडणारे नव्हते, म्हणून गव्हाच्या ग्लुटेनवर हायड्रोक्लोरिक आम्लाची क्रिया करून ती तयार होऊ लागली. पुढे 1956 मध्ये क्योवा हाक्को या कंपनीतील किनोशिता शुकुओ आणि त्यांच्या सहकाऱ्यांना ग्लुटामिक आम्ल बाहेर टाकणारा जिवाणू सापडला, आणि तेव्हापासून ही पूड उसाची मळी किंवा स्टार्च आंबवून तयार करण्याची पद्धत रूढ झाली. ‘रासायनिक’ हा शब्द निंदेसाठी वापरायचा असेल, तर आजच्या निर्मितीपद्धतीला तो नीटसा लागू पडत नाही. आणि रसायन या मूळ अर्थाने वापरायचा असेल, तर पिकलेल्या टोमॅटोतले ग्लुटामेटही तेवढेच रसायन आहे. पुडीतले ग्लुटामेट आणि कोम्बूतले ग्लुटामेट यांत फरक करण्याचे कोणतेही साधन जिभेकडे किंवा आतड्याकडे नाही.

‘विष’ हा शब्द आला कोठून, तेही पाहण्यासारखे आहे. 4 एप्रिल 1968 च्या ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये अमेरिकेतील रॉबर्ट हो मान क्वॉक या डॉक्टरांचे एक पत्र छापून आले. चिनी उपाहारगृहात जेवल्यानंतर आपल्याला मानेत बधिरपणा, अशक्तपणा आणि धडधड जाणवते, असे सांगून त्यांनी सोया सॉस, स्वयंपाकात वापरले जाणारे मद्य, सोडियम ग्लुटामेट आणि जेवणातील मिठाचे जास्त प्रमाण अशा अनेक शक्यता मांडल्या होत्या. पत्र प्रश्नार्थक होते. त्याला ‘चिनी उपाहारगृहाचा विकार’ अशा अर्थाचा मथळा मिळाला आणि शक्यतांपैकी एकट्या ग्लुटामेटवर ठपका बसला. हा इतिहास एका संपादकांना लिहिताना थोडा संकोच वाटतो, पण मथळ्याने मजकुराच्या पुढे धाव घेतल्याचे इतके स्वच्छ उदाहरण दुसरे सापडणे कठीण आहे. पुढच्याच वर्षी अमेरिकी संशोधक जॉन ओल्नी यांनी नवजात उंदरांच्या त्वचेखाली ग्लुटामेटचे मोठे डोस टोचले असता त्यांच्या मेंदूला इजा झाल्याचे प्रसिद्ध केले. आपल्या सदरातील ‘मेंदूवर परिणाम’ हा उल्लेख बहुधा तेथूनच झिरपत आलेला असावा. मात्र टोचलेला डोस आणि अन्नातून पोटात जाणारे ग्लुटामेट यांची गत सारखी नसते, कारण अन्नातील बहुतेक ग्लुटामेट आतड्याच्या पेशी स्वतःच इंधन म्हणून वापरून टाकतात आणि रक्तात त्याचा थोडाच अंश पोहोचतो. आईच्या दुधातही मुक्त ग्लुटामेट भरपूर असते, गाईच्या दुधापेक्षा कितीतरी अधिक.

याचा अर्थ या पुडीविषयी बोलण्यासारखे काहीच नाही, असा नव्हे. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनासाठी 1995 मध्ये तयार झालेल्या अहवालात, काही थोड्या व्यक्तींना अन्नाशिवाय 3 ग्रॅम किंवा त्याहून अधिक मात्रा एकदम घेतल्यास डोकेदुखी किंवा बधिरपणा यांसारखी अल्पकाळ टिकणारी लक्षणे जाणवू शकतात, असे म्हटले होते. जागतिक आरोग्य संघटना आणि अन्न व कृषी संघटना यांच्या संयुक्त तज्ज्ञ समितीने 1987 मध्ये ग्लुटामेटसाठी आकड्याची मर्यादा घालण्याची गरज नसल्याचा निर्वाळा दिला होता, तर युरोपीय अन्न सुरक्षा प्राधिकरणाने 2017 मध्ये दररोज शरीराच्या वजनाच्या दर किलोमागे 30 मिलिग्रॅम अशी मर्यादा सुचवली. तज्ज्ञांत असा मतभेद आहे आणि आरोग्य सदराने तो जरूर मांडावा. निकृष्ट, शिळ्या मालाची चव झाकण्यासाठी पुडीचा वापर होतो, या तक्रारीतही तथ्य असू शकते. मात्र ती तक्रार आचाऱ्याच्या सचोटीविषयी आहे. सोडियमचा मुद्दा सदराने काढलाच आहे, तर हेही सांगायला हवे होते की साध्या मिठात वजनाने सुमारे 39 टक्के सोडियम असते आणि या पुडीत सुमारे 12 टक्के. त्यामुळे काही मीठ कमी करून त्याजागी थोडी पूड वापरली तर एकूण सोडियम घटते. मीठ तेवढेच ठेवून वर पूड घातली तर ते वाढते, हे उघड आहे.

उमामी ही खरोखर स्वतंत्र चव आहे का, याविषयी पाश्चात्त्य शास्त्रज्ञ दीर्घकाळ साशंक होते. ग्लुटामेट केवळ इतर चवी खुलवते, असे ते मानत. 1985 मध्ये हवाई येथे या विषयावरची पहिली आंतरराष्ट्रीय परिषद भरली तेव्हापासून ही संज्ञा मूळ जपानी रूपातच शास्त्रीय लेखनात रुळली, आणि 2002 च्या सुमारास जिभेवरील रुचिकलिकांमध्ये ग्लुटामेटला प्रतिसाद देणारी प्रथिनांची ग्राही जोडी निश्चित झाल्यावर वाद जवळजवळ मिटला. इनोसिनेटच्या सोबतीने या ग्राहीचा प्रतिसाद अनेक पटींनी वाढतो, हेही प्रयोगशाळेत दिसून आले. कोम्बू आणि कात्सुओबुशीच्या जोडीला एवढी पक्की साक्ष मिळण्यासाठी इकेदांच्या निबंधानंतर नऊ दशके लागली.

लेखाच्या शेवटी उमामी आणि ‘कोकुमी’ हे शब्द समानार्थी म्हणून आले आहेत, तेही बरोबर नाही. कोकुमीला स्वतःची अशी चव नसते; अन्य चवींना भरीवपणा आणि टिकाऊपणा देणाऱ्या परिणामासाठी हा शब्द वापरतात. शिवाय उमामी म्हणजे हमखास रुचकर, हे समीकरणही टिकत नाही, कारण साध्या पाण्यात विरघळवलेले शुद्ध ग्लुटामेट बहुतेकांना मुळीच आवडत नाही. त्याला गंधाची आणि योग्य प्रमाणातील मिठाची जोड लागते.

माझी विनंती मर्यादित आहे. पुढील पुरवणीत तीन दुरुस्त्या छापाव्यात: ‘पाचवी चव’ या अर्थाची उमामी ही संज्ञा 1908-09 मधील इकेदांच्या संशोधनातून आली, कोम्बूवरील पांढरी पूड मुख्यतः मॅनिटॉलची असते, आणि आरोग्य सदरात ज्याला विष म्हटले तोच क्षार पाककला सदरात गौरवलेल्या सारात नैसर्गिकरीत्या असतो. सदरलेखकांना ग्लुटामेटविषयी आक्षेप कायम ठेवायचा असेल तर तो त्यांनी अवश्य ठेवावा, मात्र किती मात्रेला, कोणत्या अभ्यासावरून आणि कोणासाठी, एवढे त्यासोबत लिहावे.

आपला,
एक वाचक